आबूच्या वानरकुळातील एक वृद्धा

चैत्री पौर्णिमेस सूर्योदयाच्या समयी मारुतिरायाच्या जन्माचे कीर्तन करण्याचा परिपाठ आम्ही गेली चाळीस वर्षे सांभाळीत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी जन्माख्यान संपवून सुंठवडा वाटीत असता एक महाविद्यालयीन तरुण जवळ आला आणि नम्रपणे म्हणाला, "बुवा, वानरकुळाचे एवढे गुणगान आपण केलेत, पण हे काळ्या तोंडाचे वानर परक्याची पिले मारतात म्हणे. खरे का हे?" आम्ही रागावलो. नास्तिकांच्या गप्पा म्हणून त्यास वाटेस लावले. घरी आल्यावर मात्र मन खाऊ लागले. पूर्वपक्ष न ऐकताच सिद्धान्त सांगणे हे शास्त्र शिकलेल्यास शोभत नाही. म्हणून पूर्वपक्ष मुळापासून वाचावयास घेतला.

लंगूर हा शब्द आपल्या 'लाङ्गूल' म्हणजे शेपटी या शब्दापासून आला. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी या प्राण्यास 'सेम्नोपिथेकस' हे ग्रीक नाव दिले. त्याचाही अर्थ 'पूज्य वानर' असाच होतो. जपानच्या क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा यांनी 1961 ते 1963 या काळात धारवाडच्या रानात या वानरांचे निरीक्षण केले. बाहेरून आलेला नर टोळीचा ताबा घेतो आणि त्यानंतर टोळीतील तान्ही पिले मारली जातात, असे त्यांना आढळले.

हे वाचून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची सारा ब्लॅफर हर्डी ही तरुण विद्यार्थिनी 1971 मध्ये अबूच्या पहाडावर आली. गर्दीने वानरांची मती बिघडत असावी, अशी तिची प्रथम समजूत होती. 1975 पर्यंत ती पुनःपुन्हा येत राहिली. बाजारातील, डोंगरउतारावरील अशा निरनिराळ्या टोळ्यांतील एकेका वानराची तिने ओळख करून घेतली, आणि तिची पहिली समजूत ढासळली. गर्दीचा दोष नव्हता. टोळीतील नर पिलांना निमूटपणे सोसत असे. मारणारा असे तो बाहेरून सत्ता बळकावणारा. अंगावर पाजणारी मादी लवकर गाभण राहत नाही. पिलू गेले की ती पुन्हा माजावर येते. नराची सत्ता मात्र सरासरी दोन-अडीच वर्षांचीच. तेवढ्या अवधीत आपला वंश वाढावा, या निसर्गाच्या हिशेबातून हे क्रौर्य येते, असे प्रतिपादन तिने 1977 च्या आपल्या ग्रंथात केले. पुष्कळ विद्वानांनी ते नाकारले. पुढे नेपाळमधील रामनगर येथे जनुकांची तपासणी झाली. पिलांवर हल्ला करणारे नर त्या पिलांचे पिते नव्हते, असे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले.

तरुणाचे म्हणणे खरे होते तर! परंतु वाचकहो, कथा येथे संपत नाही. उत्तररंग पुढेच आहे.

या वानरांत माद्या जन्माच्या टोळीतच राहतात. नर बाहेर पडतात. नवजात पिलू काळसर रंगाचे असते आणि ते एका मादीच्या कुशीतून दुसरीच्या कुशीत फिरते. मादीचा मान मात्र वयाबरोबर उतरत जातो. म्हातारी टोळीच्या कडेकडेने राहते, तरण्या माद्यांना वाट देते. अबूस अशीच एक वृद्ध मादी होती. हर्डीने तिचे नाव 'सोल' ठेविले होते. तिला स्वतःचे पिलू नव्हते. तथापि नवा नर पिलावर धावून आला की, आपल्याहून कितीतरी बलवान अशा त्या नरावर तुटून पडणाऱ्यांत ही म्हातारी पुढे असे. जिला टोळीत मान नाही, तीच टोळीच्या लेकरांसाठी जीव धोक्यात घालते!

हे वाचून आम्ही बराच वेळ ग्रंथ मिटून बसलो. आमच्या कीर्तनास मागच्या खांबाशी टेकून बसणाऱ्या, पोरक्या पुतण्यांना वाढविताना आयुष्य झिजविलेल्या कितीतरी आत्याबाई डोळ्यांपुढे आल्या. त्यांच्याविषयी आम्ही आख्यानात कधी चार शब्द बोललो होतो काय?

आदिकवीसही वानरांचे हे दुसरे रूप अज्ञात नव्हते. वालीने सुग्रीवास हाकलले, त्याची पत्नी रुमा हिरावली. किष्किंधेची कथा सत्तेच्या हव्यासाचीच आहे. त्या सत्तास्पर्धेत हनुमंत हाकललेल्याच्या बाजूस उभा राहिला आणि सिंहासन त्याने स्वतःसाठी कधी मागितले नाही. निसर्ग नीती शिकवीत नाही. त्यात क्रौर्यही आहे, वात्सल्यही आहे. निवड मनुष्याने करावयाची असते. हनुमंताचे मोठेपण कुळात नाही, निवडीत आहे. तेव्हा शास्त्राच्या शोधाने त्याचे तेज कसे उणावेल?

जाता जाता एक विनंती. या वानरांचे जठर अनेक कप्प्यांचे असून पाने पचविण्यासाठीच ते घडले आहे. भक्तिभावाने फुटाणे, बिस्किटे देऊन आपण त्यांना रस्त्यावर आणतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. त्यापेक्षा देवळाभोवती वड-उंबर राखावेत.

तो तरुण पुन्हा भेटला नाही. भेटला असता तर त्याचे ऋण मान्य केले असते. यंदाच्या जन्मोत्सवात आख्यानापूर्वी आम्ही त्या वृद्ध वानरीची कथा सांगणार आहोत, आणि सुंठवडा प्रथम मागच्या खांबाशी नेणार आहोत.