पापाचे ऋण आणि तारण

‘तारण’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी ऐकू येतो. कर्जापोटी सावकाराकडे किंवा बँकेत अडकवून ठेवलेली वस्तू म्हणजे तारण; आणि ख्रिस्ती उपासनेत मनुष्याची पापातून होणारी सुटका हेही तारणच. ही गाठ मराठीत सहजगत्या पडली असली, तरी ख्रिस्ती विचाराच्या दृष्टीने ती अस्थानी म्हणता येणार नाही. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत माफी मागितली जाते ती ऋणांची. हिब्रूतील ‘गोएल’ म्हणजे तर दारिद्र्यामुळे विकलेली जमीन अथवा दास्यात गेलेला आप्त मोल देऊन सोडवून आणणारा जवळचा नातलग.

या शब्दांचा मागोवा घेत बायबलमधील ‘उत्पत्ती’ ग्रंथाच्या पहिल्या अकरा अध्यायांकडे वळले, म्हणजे एक रूढ समजूत तपासून घेणे भाग पडते. आदामाने निषिद्ध फळ खाल्ले, त्याचा दोष साऱ्या वंशाला लागला आणि म्हणून प्रत्येक मूल अपराधी म्हणूनच जन्माला येते, अशी ख्रिस्ती शिकवणीची ओळख सामान्यतः करून दिली जाते. ती जशीच्या तशी स्वीकारली, तर न्यायबुद्धीला धक्का बसल्यावाचून राहत नाही. बापाच्या अपराधाचा भार मुलाने वाहावयाचा नाही, असे खुद्द बायबलातच, यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात, निःसंदिग्धपणे मांडलेले आहे.

नवल असे, की एदेन बागेच्या कथेत ‘पाप’ हा शब्दच नाही. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायात, काईनाच्या कथेत. आणि तेथे पाप आहे ते दाराशी दबा धरून बसलेल्या श्वापदासारखे. हाबेलाचे अर्पण मान्य झाले, काईनाचे झाले नाही. त्याचा चेहरा उतरला आहे, पण हत्या अद्याप घडलेली नाही. अशा वेळी देव त्याला सावध करतो आणि त्या श्वापदावर ताबा मिळवण्यास सांगतो. ज्याच्यापाशी निवडीची शक्तीच उरलेली नाही, त्याला असा इशारा देण्यात काय अर्थ? काईन मात्र भावाला शेतात गाठतो, आणि जाब विचारला जाताच भावाशी आपला संबंध काय, अशा थाटाचे उत्तर देतो. आईबापांनी निदान दोष दुसऱ्यावर ढकलला होता, आदामाने पत्नीवर आणि तिने सर्पावर. पुढच्या पिढीत त्या पळवाटेचा मुर्दाडपणा झाला. काईनाचाच वंशज लामेख सत्त्याहत्तर पट सूडाची प्रौढी मिरवतो. (येशूने पेत्राला क्षमेचा जो आकडा सांगितला, तो याच आकड्याला दिलेले उत्तर आहे, असे अनेक भाष्यकार मानतात.)

पाप असे चढत्या व्याजाने वाढत असता सुटकेची सोयही त्याच कथांत होत जाते, इकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. बागेतून घालवण्याआधी देव त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून देतो. काईनाला हद्दपार करतो, पण कोणी त्याला मारू नये म्हणून त्याच्यावर खूणही करतो. खुनी माणसालाही संरक्षण आहे. जलप्रलयाची कथा तर याहून विलक्षण. मनुष्याच्या मनाची प्रवृत्ती दुष्ट आहे, हे प्रलयाआधी विनाशाचे कारण म्हणून सांगितले जाते. आणि प्रलय ओसरल्यावर जवळजवळ तेच विधान, पृथ्वीला पुन्हा शाप न देण्याचे कारण म्हणून येते. एवढ्या पाण्याने माणूस बदललाच नाही. बदलला तो देवाचा निर्धार. आणि त्याची खूण म्हणून युद्धातले धनुष्य मेघांत टांगून ठेवले गेले.

मग जन्मजात अपराधाची कल्पना आली कोठून? पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील पाचव्या अध्यायात तिचे मूळ शोधले जाते. सर्वांनी पाप केले ‘म्हणून’ मरण सर्वांवर आले, असा अर्थ देणारी मूळ ग्रीक वाक्यरचना लॅटिन भाषांतरात ‘ज्याच्या ठायी’ सर्वांनी पाप केले, अशी वाचली गेली. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (354–430) यांनी आपल्या सिद्धान्ताला या वाचनाचा आधार घेतला. पौर्वात्य मंडळ्यांनी मात्र आदामाकडून मर्त्यपणा वारशाने येतो, अपराध नव्हे, अशीच भूमिका ठेवली. त्याही आधी, दुसऱ्या शतकात, इरेनियस यांनी आदामाकडे अपरिपक्व बालक म्हणून पाहिले होते.

या दोहोंपैकी कथांना अधिक जवळची आहे ती पौर्वात्य दृष्टी. वेठबिगाराच्या घरी जन्मलेल्या मुलाने कर्ज काढलेले नसते, कागदावर अंगठाही उठवलेला नसतो. तरी त्याचे स्वातंत्र्य गेलेलेच असते. 1976 च्या कायद्याने आपल्याकडे अशी कर्जे रद्द ठरवली, ती मुलांच्या चारित्र्याची परीक्षा घेऊन नव्हे. असे मूल दोषी नसते, बांधलेले असते. आणि बांधलेल्याला न्यायाधीशाहून अधिक गरज असते ती ‘गोएल’ची. ख्रिस्ती श्रद्धा येशूला पाहते ती याच नात्याने. ऑगस्टीन यांच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे, की आपल्याच बळावर हे ऋण फेडता येईल, या भ्रमाला त्यांनी थारा दिला नाही.

राहता राहिला बाबेलचा मनोरा. या एका कथेत शिक्षा आहे, पण ना वस्त्र, ना खूण, ना धनुष्य. भाषा एकमेकींना परक्या होतात, माणसे पांगतात आणि कथा संपते. लगेच पुढे, बाराव्या अध्यायात, अब्राहामाला घर सोडण्याची आज्ञा होते, आणि त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळण्याचे वचन. ख्रिस्ती परंपरा बाबेलचे उत्तर त्याहीपुढे, पेन्टेकॉस्टच्या दिवशी पाहते. तेथेही साऱ्या भाषा मिटून एक झाली नाही. निरनिराळ्या देशांतून आलेल्या प्रत्येकाने शुभवार्ता ऐकली ती स्वतःच्या भाषेत. आदामापासूनच्या याच कथा फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात मराठी ओवीत लिहिल्या, आणि 1616 साली ते ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले.