बॉयलरला उंडीचे तेल

एप्रिल ते जून हापूसचा हंगाम चालतो, तेवढे दिवस रत्नागिरीच्या कॅनिंग कारखान्यांतल्या बॉयलरला उसंत नसते. रस तापवायला आणि डबे निर्जंतुक करायला वाफ लागतेच. ही वाफ जिथे डिझेलवर किंवा एलडीओवर (लाइट डिझेल ऑइलवर) होते, तिथे बायोडिझेलचे मिश्रण वापरावे, आणि ते ट्रकच्या आधी बॉयलरमध्ये वापरावे, असे माझे ठाम मत आहे. इंजिनात इंधनाला क्षणार्धात, नेमक्या वेळी पेट घ्यावा लागतो. बर्नरची ज्योत अखंड जळते, त्यामुळे तेलातले थोडे उणे-अधिक ती सोसते. बायोडिझेलमध्ये वजनाच्या दहा-अकरा टक्के ऑक्सिजन असतो आणि गंधक जवळपास नसते. लिटरमागे उष्णता डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्के कमी मिळते हे खरे, पण वीस टक्के मिश्रणात ही तूट दोन टक्क्यांच्या आत राहते. न्यूयॉर्क शहराने तर इमारती तापवण्याच्या तेलात 2012 पासून दोन टक्के बायोडिझेल कायद्याने सक्तीचे केले आणि 2017 पासून ते पाच टक्क्यांवर नेले.

बायोडिझेलसाठी तेल आणायचे कुठून, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. खाद्यतेलाचा मोठा हिस्सा आयात करणाऱ्या देशाने ताटातले तेल जाळू नये. जट्रोफाच्या लागवडीनेही मोठ्या आशा दाखवून निराशाच केली. पण कोकणच्या किनाऱ्यावर उंडी आहे. खारा वारा सोसणारे हे झाड, बियांच्या गरात निम्म्याहून अधिक तेल, आणि ते खाण्याचे नाही. पूर्वी ते दिव्यात जळे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात उंडीच्या बायोडिझेलवर कामही झाले आहे. या तेलात मुक्त मेदाम्ले फार असतात. बायोडिझेल करताना थेट अल्कली घातली तर साबण होतो, म्हणून आधी आम्लाची प्रक्रिया करून मग अल्कलीची करावी लागते. खर्च वाढतो, तो लपवण्यात अर्थ नाही. शिवाय विखुरलेल्या झाडांवरून गोळा होणारे बी साऱ्या जिल्ह्याच्या गाड्यांना पुरणार नाही. हंगामी बॉयलरच्या मिश्रणातला वाटा मात्र त्यातून उचलता येईल, आणि हॉटेलांतले वापरलेले तेल त्याला जोड देईल. ज्या काजू कारखान्यांत टरफलांवर किंवा लाकडावर वाफ होते, तिथे हा खटाटोप करूच नये.

दुसरी अडचण हवेची आहे. थंडीत गोठण्याची भीती इथे नाही, पण बायोडिझेल ओलावा शोषते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या टाकीत तळाशी पाणी साचून जंतू वाढतात. जुन्या टाकीतला गाळही ते सोडवते, म्हणून सुरुवातीला फिल्टर वरचेवर बदलावे लागतात. नळ्यांचे साधे रबर काढून व्हायटॉन हे इंधनात टिकणारे रबर घालावे, तांब्या-पितळेचे भाग टाळावेत. इंधन मार्चमध्ये ताजे मागवावे आणि शेवटचा डबा बंद झाला की उरलेले जाळून टाकी कोरडी करावी.