सहा ऑस्कर मिळाले, पण स्टंटवाल्यांना एकही नाही! 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'च्या पडद्यामागे

आजचा भाग आहे २०१५ साली आलेल्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'वर. दहा ऑस्कर नामांकनं, त्यातले सहा जिंकले. पण ज्यांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्यासाठी ऑस्करमध्ये तेव्हा कॅटेगरीच नव्हती. कसं काय, ते बघूया.

आधी शूटिंग. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांना पिक्चर ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलला करायचा होता. पण तिथे इतका पाऊस झाला, की वाळवंटात फुलं उगवली! मग सगळा लवाजमा आफ्रिकेत, नामिबियाला हलवला. मिलर यांनी कथा आधी साडेतीन हजारांच्या आसपास चित्रांमध्ये मांडून ठेवली होती. म्हणजे स्क्रिप्ट वाचायची कमी आणि बघायची जास्त!

आता ते लांब खांबांवर झुलणारे लोक आठवतायत? धावत्या गाडीवर खांब, त्याच्या टोकाला माणूस. मिलर यांना वाटलं होतं, हे कॉम्प्युटरवरच करावं लागणार. पण स्टंटचे प्रमुख गाय नॉरिस यांच्या टीमने ते खरोखर करून दाखवलं. खांबाला खालच्या बाजूने वजन लावलं, की तो लंबकासारखा डोलतो, पण पडत नाही. हे नॉरिस म्हणजे तेच, ज्यांनी 'मॅड मॅक्स २'च्या वेळी स्टंट करताना मांडीचं हाड मोडून घेतलं होतं. आणि हो, आग ओकणारी ती गिटारसुद्धा खरीच होती!

पण 'यात व्हीएफएक्स नाहीच' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. सुमारे दोन हजार शॉट्समध्ये ते आहे. सुरक्षेच्या वायर्स पुसणं, आकाश बदलणं, फ्युरिओसाचा हात गायब करणं, धुळीचं वादळ, असं बरंच काही.

शूटिंग संपल्यावर हातात होतं तब्बल ४८० तासांचं फुटेज. न झोपता बघायचं म्हटलं तरी वीस दिवस! ते दोन तासांत बसवलं एडिटर मार्गारेट सिक्सेल यांनी. त्या मिलर यांच्या पत्नी, आणि त्याआधी त्यांनी एकही ॲक्शनपट एडिट केला नव्हता. पिक्चरमध्ये सुमारे २७०० कट आहेत, तरी डोकं गरगरत नाही. कारण? महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा फ्रेमच्या मधोमध ठेवलीय. कट झाला तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. मोबाईलवर एखादा सीन म्यूट करून बघा, सगळं कळतं.

एडिटिंग, वेशभूषा, मेकअप-हेअरस्टाईल, प्रॉडक्शन डिझाईन, साऊंड एडिटिंग आणि साऊंड मिक्सिंग असे ते सहा ऑस्कर. स्टंट टीमला अमेरिकेतल्या कलाकार संघटनेचा सॅग पुरस्कार मिळाला, पण ऑस्करच्या स्टेजवर त्यांच्यासाठी जागा नव्हती. विचार करा, ते खांबावर झुललेच नसते, तर सिक्सेल यांनी कापलं काय असतं?

हे आता बदलतंय. एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने स्टंट डिझाईनसाठी वेगळा ऑस्कर जाहीर केला. २०२७ मध्ये रिलीज होणाऱ्या पिक्चर्सपासून तो सुरू होईल, म्हणजे पहिला दिला जाईल २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात. 'फ्युरी रोड'वाल्यांना तो मिळणार नाही, पण पुढच्यांना मिळेल.

तुमच्या मते हा पुरस्कार आधीच कुठल्या पिक्चरला मिळायला हवा होता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!