शिंकांवर हळद-मधाचा उतारा?

पाऊस ओसरला की लातूर-नांदेडकडे बांधावर गाजर गवत फुललेलं असतं आणि सोयाबीनच्या मळणीचा धुरळाही उडत असतो. शिंका, डोळ्यांना खाज, मग घरोघरी हळदीचं दूध. वसमतच्या हळदीची ख्याती खरीच. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतं, पण आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. चिमूटभर मिरपूड घातली तर शोषण वाढतं, तरी औषधाची जागा ते घेत नाही. मध खाल्ल्याने परागकणांची ॲलर्जी जाते, हा समज मात्र सोडायलाच हवा. मधमाशी गोळा करते ते चिकट, जड परागकण. नाकाला सतावतात ते बहुतेक वाऱ्यावर उडणारे.

खरं काम धूळ अडवण्याचं आहे. बार्सिलोनात १९८० च्या दशकात दम्याच्या साथी आल्या, त्या बंदरात उतरवल्या जाणाऱ्या सोयाबीनच्या धुळीमुळे. कोठारांना गाळण्या बसवल्यावर त्या थांबल्या. आपल्याकडे मळणीवर उभं राहणाऱ्या बायाबापड्यांना निदान चांगला मास्क तरी मिळायला हवा.

जलनेती करायची तर पाणी उकळून कोमट केलेलं, मीठ घातलेलंच घ्या; विहिरीचं थेट नको. गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटा. आणि छातीत घरघर सुरू झाली तर काढे करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.