थरथर का थांबली?

संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचं गाव. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांचा तमाशाचा फडही इथलाच. त्यामुळे माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर कलावंतांचं सामान कायम असतं: ॲम्प्लिफायर, माईक, बेंजोचे पिकअप. हल्ली इंजिनिअरिंगची मुलं घरी जुळवलेली गिटारची पेडल घेऊन येतात. मला त्यांचं फार कौतुक आहे.

परवा असाच एक मुलगा ट्रेमोलोचं पेडल घेऊन आला. ‘काका, आवाज येतो, पण थरथरत नाही.’ तक्रार इतकी नेमकी असली की निम्मं काम तिथेच होतं. आवाज येतोय म्हणजे ॲम्प्लिफायरचा भाग शाबूत आहे. बंद आहे तो ऑसिलेटर.

ट्रेमोलोत गिटारचा आवाज एका लयीत लहान-मोठा होतो. ती लय ऑसिलेटर देतो. सेकंदाला चार-सहा लाटा. त्या कानाला ऐकू येत नाहीत, फक्त आवाजाची पातळी हलवतात. या पेडलमध्ये हे काम एकच ट्रान्झिस्टर करत होता. त्याच्या कलेक्टरवरून निघालेला सिग्नल कंडेन्सर आणि रेझिस्टन्सच्या तीन जोड्यांमधून फिरून बेसवर परत येतो. प्रत्येक जोडी त्याला साधारण 60 अंश सरकवते, म्हणजे तिघींचे मिळून 180. ट्रान्झिस्टर त्याला उलटा करतो, ते आणखी 180. फेरी पुरी झाली की झोक्याला नेमक्या वेळी हात लागावा तसा सिग्नल स्वतःलाच ढकलतो. पण या वाटेत तो 29 पट क्षीण होतो. ट्रान्झिस्टरनं तेवढी भरपाई केली नाही, तर लाट उठतच नाही.

मुलानं दोन ट्रान्झिस्टर बदलून पाहिले होते. माझं सांगणं असं की सोल्डरिंग गन उचलण्याआधी मीटर लावावा, आणि तोही काट्याचा. इतक्या सावकाश लाटेवर डिजिटल मीटरचे आकडे नुसते धावतात. काटा मात्र तिच्याबरोबर डोलतो. वेगाचा नॉब अगदी कमी करायचा आणि कलेक्टर पाहायचा. बॅटरी 9 व्होल्टची, तर तिथे मधलं काहीतरी, चार-सहा व्होल्ट असावेत. इथे काटा जवळजवळ नऊवर थिजला होता. ट्रान्झिस्टर करंट ओढतच नव्हता.

कारण पायांत सापडलं. सर्किटच्या अमेरिकी नकाशात 2एन5088 होता, मुलानं आपल्याकडे सहज मिळणारा बीसी547 लावला. दोघांची चपटी बाजू आपल्याकडे धरली, तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. नकाशातल्या आकृतीप्रमाणे बसवला की तो उलटाच बसतो. उलटा ट्रान्झिस्टर थोडाफार चालतो, पण गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं बळ, जेमतेम उरतो, आणि या सर्किटला गेनच हवा असतो.

फिरवून बसवला. कलेक्टर पाचवर आला, काटा तरी हलेना. अंगावरचं अक्षर पाहिलं: ए. बीसी547 च्या ‘ए’ गटाचा गेन 110 ते 220, ‘सी’चा 420 ते 800. कागदावर ‘ए’ पुरायला हवा. प्रत्यक्षात नॉब, बायसचे रेझिस्टन्स आणि पुढचा भाग सगळेच त्यातून खातात. ‘सी’ लावताच काटा डोलू लागला.

आता आवाजात थरथर आली, पण अडखळत. तीनपैकी एका कंडेन्सरवर 104 छापलं होतं, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड, हवा होता 105, म्हणजे 1. हा फरक लहान नाही. 10 किलोओहमच्या तीन रेझिस्टन्सबरोबर तिन्ही 105 असतील तर हिशेबानं सेकंदाला साधारण साडेसहा लाटा येतात. तिन्ही 104 असतील तर 65, आणि मग थरथरीऐवजी गुरगुर ऐकू येते.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून भाग आणणाऱ्यांना मी सांगतो: ट्रान्झिस्टर मागताना ‘547 सी’ असं पूर्ण मागा, 105 चे फिल्म कंडेन्सर घ्या, आणि नवी बॅटरी लावून तपासा. सात व्होल्टपर्यंत उतरलेल्या बॅटरीवर एलईडी छान पेटते, गिटारही वाजते. काठावरचा ऑसिलेटर मात्र उठत नाही.