आजअखेर

पावसाळ्यात जुन्नर-आंबेगावात सकाळी फोनवर एक तक्ता फिरतो. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, आणि त्यांच्यापुढे आजचा पाऊस, 1 जूनपासूनचा पाऊस, उपयुक्त साठा, टक्केवारी, विसर्ग. हे आकडे मी आधी वहीत उतरवले, मग एक्सेलमध्ये, आणि आता पॉवर बीआयमध्ये मांडतो, कारण पाणीवापर संस्थेच्या बैठकीत ते लागतात. इतक्या वर्षांत मला सर्वांत जास्त शिकवलं ते एकाच रकान्याने: ‘आजअखेर’.

वहीत तो सोपा वाटायचा. कालची बेरीज वर, आजचा आकडा खाली. पान संपलं की बेरीज पुढच्या पानावर न्यायची. पावसाला हे चालतं, कारण पाऊस रोज मोजला जातो. काल 40 मिलिमीटर, आज 25, मिळून 65. धरणात आलेलं पाणी, म्हणजे येवा, मात्र असा थेट मोजलेला नसतो. पट्टीवर पातळी वाचायची, साठ्याच्या तक्त्यातून त्या पातळीचा साठा काढायचा, काल-आजच्या साठ्यांतल्या फरकात सोडलेलं पाणी आणि बाष्पीभवन मिळवायचं. जे उत्तर येईल तो येवा. सोडलेलं पाणी तरी कुठे सरळ येतं? विसर्ग क्युसेकमध्ये असतो, तो वेग आहे. 11,574 क्युसेकने अखंड चोवीस तास पाणी सोडलं तेव्हा कुठे एक टीएमसी होतं. रोजचे क्युसेक एकाखाली एक लिहून त्यांची बेरीज केली तर ती कशाचीच नसते.

एका वर्षी संगणकाने आजअखेरचा येवा वहीपेक्षा कमी दाखवला. वाऱ्याने पाणी हललं, वाचन जरा इकडेतिकडे झालं की एखाद्या दिवशी येवा उणे निघतो. नदी काही पाणी परत नेत नाही, म्हणून मी सूत्रात अट घातली होती: उणे आला तर शून्य धर. समजा तीन दिवसांचे आकडे 5, उणे 2 आणि 4 आहेत. वहीत मी रोजच्या रोज अट लावत होतो, म्हणजे 5, 0, 4, बेरीज 9. संगणक मात्र तेच सूत्र तिन्ही दिवसांच्या काळाला एकदम लावत होता. उत्तर 7, ते उणे नाही, म्हणून अट लागलीच नाही. दोन रात्री मी सूत्र खोडत बसलो. मग उमगलं, संगणकाला आधी एकेक दिवस सुटा द्यायचा, त्या दिवसाचा येवा काढायला लावायचा, आणि नंतर बेरीज सांगायची. तसं केलं आणि 9 आले. वही जुळली म्हणून मी निश्चिंत झालो.

पण बरोबर वही नव्हतीच. त्या उणे 2 मध्ये आदल्या दिवशी जास्त वाचलं गेलेलं पाणी परत वळतं होत होतं. शून्य धरून मी ती चूक हंगामभर बेरजेत कोंडून ठेवत होतो. हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली. आता रोजच्या रकान्यात शून्य दाखवतो, आजअखेरमध्ये उणे तसंच राहू देतो, आणि तक्त्याखाली तसं स्पष्ट लिहितो.

मृतसाठ्याने असाच धडा दिला. उन्हाळ्यात पिंपळगाव जोग्याची पातळी मृतसाठ्याच्या खाली गेली की उपयुक्त साठा शून्य. पुढे जूनमध्ये पाणी येऊ लागलं तरी आधी खालचा खड्डा भरतो, आणि उपयुक्त साठ्यावरून येवा काढणाऱ्याला कित्येक दिवस काहीच आलेलं दिसत नाही. येवा काढायचा तर एकूण साठ्यावरूनच.

सगळ्यांत जास्त भांडणं येडगावच्या आकड्यावरून झाली. डिंभ्याचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास, येडगावचा जेमतेम दोन. तरी कुकडीचा डावा कालवा निघतो तो येडगावहून, आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातो. डिंभ्याचं पाणी डिंभ्याच्याच डाव्या कालव्याने येडगावात येतं, माणिकडोहचं नदीने येतं. म्हणजे डिंभ्याच्या येव्यात मोजलेलं पाणी येडगावच्या येव्यात पुन्हा मोजलं जातं. पाच धरणांचे आजअखेरचे येवे मिळवून ‘यंदा इतकं पाणी आलं’ म्हणणारा माणूस तेच पाणी दोनदा वाटायला काढतो. वरच्या तालुक्याला वाटतं आपलं पाणी खाली गेलं, खालच्याला वाटतं ते वर अडवलं. त्या रागात चुकीची बेरीज तेल ओतते. आधी वरच्या धरणातून आलेलं पाणी वजा करायचं आणि मगच मिळवायचं. मी हे बैठकीत दरवर्षी सांगतो, आणि सांगत राहीन.

उसाच्या हिशेबातही ‘आजअखेर’ असाच फसवतो. जुन्नरचा विघ्नहर काय किंवा आंबेगावचा भीमाशंकर काय, गाळप सुरू झालं की शेतकऱ्याचं लक्ष साखर उताऱ्यावर असतं. समजा एखाद्या कारखान्याने एका दिवशी 2,000 टन ऊस गाळला, उतारा 9 टक्के. दुसऱ्या दिवशी 6,000 टन, उतारा 11. दोन्हींची सरासरी 10. पण साखर झाली 180 टन आणि 660 टन, मिळून 840. भागिले 8,000, म्हणजे साडेदहा. 2024-25 च्या हंगामात एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये होती, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये. 10 आणि साडेदहा ही त्या रेषेच्या दोन बाजूंची उत्तरं आहेत. उतारा भागाकारातून येतो, म्हणून आजअखेरची साखर आणि आजअखेरचा ऊस वेगळे जमवून शेवटी एकदाच भागायचं.

एका वर्षाविषयी लिहिणं मात्र अजून जड जातं. 2014 चा जून कोरडा गेला होता. जुलैअखेरीस पावसाने झोडपलं, आणि 30 जुलैला सकाळी डिंभ्याच्या वरच्या अंगाला माळीण गाव डोंगराखाली गेलं; 151 माणसं गेली. 1 जूनपासूनच्या बेरजेत कोरडा जून आणि त्या दिवसांचा मुसळधार पाऊस एकाच आकड्यात मिसळून जातात. शेतकरी म्हणून मी तोच आकडा बघत आलो होतो. डोंगराला मात्र गेल्या दोन-तीन दिवसांत किती पाणी बसलं तेच कळतं. तेव्हापासून त्या बेरजेशेजारी मी आणखी एक रकाना ठेवतो, फक्त मागच्या तीन दिवसांचा. तो रोज मागचा एक दिवस सोडतो आणि आजचा घेतो. जुलै लागला की मी आधी तोच वाचतो.