शॉक लागला, मग एमसीबी का पडला नाही?

कारखान्यात विजेचा धक्का लागून कामगार मेला की दोन ओळींची बातमी येते आणि पंचनाम्यात ‘अपघाती मृत्यू’ अशी नोंद होते. मालक सांगतो, एमसीबी होता, अर्थिंग होते, कामगारानेच निष्काळजीपणा केला. हा खुलासा ऐकून आपणही गप्प बसतो. वास्तविक एमसीबी माणसासाठी नाहीच, तो तारेसाठी आहे. १६ अँपियरचा एमसीबी तार जळू नये म्हणून बसवितात. २३० व्होल्टला हात लागला आणि शरीराचा विरोध साधारण १००० ओहम धरला, तर अंगातून २३० मिलीअँपियर, म्हणजे पाव अँपियरहूनही कमी प्रवाह जातो. तेवढ्याने हृदयाची लय बिघडून माणूस मरतो. एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो!

माणसाला वाचविणारे उपकरण वेगळे आहे. त्याचे नाव आरसीसीबी; आपले वायरमन जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. जाणारी आणि परत येणारी तार त्यात एकाच कड्यातून नेलेली असते. थ्री फेज असेल तर तिन्ही फेज आणि न्यूट्रल. गेलेला प्रवाह पुरता परत आला तर बेरीज शून्य. मशीनच्या सांगाड्यातून किंवा कुणाच्या अंगातून थोडा जमिनीत गेला की हिशेब चुकतो. हा फरक ३० मिलीअँपियर झाला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तुटतो. फरक त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात.

मग हे उपकरण असूनही माणसे का मरतात? अनेक ठिकाणी ते बसवून नंतर बायपास केलेले असते. मशीनला ड्राईव्ह लावला की त्याच्या फिल्टरमधून आणि लांब केबलमधून थोडा प्रवाह सतत जमिनीत जातो. एका आरसीसीबीवर चार-पाच मशीन असली की तो वारंवार पडतो. उत्पादन थांबते, सुपरवायझर ओरडतो आणि वायरमन दोन तारा सरळ जोडून मोकळा होतो. ऑफिसच्या बोर्डावरचा तेवढा शाबूत राहतो, कारण तिथे उत्पादन थांबत नाही.

या त्रासाला इलाज आहे. मशीनचे सर्किट वेगवेगळे करावे. मोठ्या ड्राईव्हला १०० किंवा ३०० मिलीअँपियरचे संरक्षण आणि चोख अर्थिंग द्यावे. ग्राइंडर, ड्रिल, वॉशिंग पंप अशा हातात धरायच्या अवजारांच्या सॉकेटला ३० मिलीअँपियरच हवे, तिथे सवलत नाही. आणखी एक गोष्ट मालकाला विक्रेता सहसा सांगत नाही. थ्री फेज ड्राईव्हमध्ये बिघाड झाला तर सपाट डीसी प्रवाह गळू शकतो. त्याने साध्या एसी टाईपच्या उपकरणाचे कडे बधिर होते, मग ते पडतच नाही. तिथे बी टाईप लागतो. तो महाग असतो. स्वस्तातला बसविला की कागदावर संरक्षण दिसते, प्रत्यक्षात नसते.

कायदा नाही असे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत अर्थ लीकेज संरक्षण सक्तीचे केले होते. त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीज आणि मजूर हे दोन्ही विषय त्यांच्याच खात्यात होते. आज विद्युत निरीक्षक वेगळा, कारखान्याच्या सुरक्षेचा निरीक्षक वेगळा. कंत्राटी सफाई कामगार ओल्या फरशीवर पंप धरून उभा असतो, त्याचा सॉकेट नक्की कोणी तपासायचा?

आरसीसीबीवर ‘टेस्ट’ नावाचे बटन असते. ते दाबल्यावर पुरवठा तुटला नाही तर उपकरण निकामी आहे. युनियनच्या माणसाने महिन्यातून एकदा सुपरवायझरसमोर ते दाबायला लावावे आणि तारीख वहीत लिहावी. अर्थिंग चांगले आहे की नाही हे मात्र त्यावरून कळत नाही, त्याची मोजणी वेगळी मागावी लागते.

आणि दुर्घटना घडलीच, तर २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाला सूचना द्यावी लागते आणि चौकशी होऊ शकते. त्या अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. नुकसानभरपाईचा दावा करण्यापूर्वी कुटुंबाने ती मागावी आणि त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: आरसीसीबी होता का, किती मिलीअँपियरचा होता, आणि बायपास केलेला होता का.